टोळ खाणारी, टोळ ठरलेली: भोरडी आणि भांगपाडी मैनेचा हिशेब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. नेहमीसारखी थोडी साफसफाई केलीय, बोलण्याचा ढंग मात्र तसाच ठेवलाय.

आजच्या भागात इतिहास आहे, पण तो दोन पाखरांचा. दोन्ही मैना कुळातली, दोन्ही शिरूर आणि दौंड तालुक्यात दिसणारी. एक भोरडी, दुसरी भांगपाडी मैना. दोघींच्या नावापुढे जगाच्या यादीत एकच शेरा आहे: ‘चिंता नाही’. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसलं की मला आधी शंका येते. हा हिरवा रंग नेमका कुठून मोजलाय? आजचा सगळा भाग याच एका प्रश्नावर आहे.

दोन चुलत बहिणी

आधी ओळख करून घेऊ, म्हणजे पुढच्या वेळी गावाकडे गेलात की तारेवर बसलेली कोण ते ओळखता येईल.

भोरडी गुलाबी असते. डोकं, पंख आणि शेपूट काळं, मधलं अंग गुलाबी, डोक्यावर मागे पडलेला काळा तुरा. थंडीत आपल्याकडे असते तेव्हा हा गुलाबी रंग जरा मळकट दिसतो. मार्च-एप्रिलपर्यंत चांगला उजळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलला की त्यातला मध प्यायला झुंडीनं येते, म्हणून तिला पळसमैना असंही म्हणतात. ती कधीच एकटी नसते. शेकड्यांनी, हजारांनी असते. उजनीच्या पाण्याकडे, भिगवणच्या बाजूला संध्याकाळी आभाळात धुरासारखे वळणारे थवे तुम्ही रील्समध्ये पाहिले असतील. त्या याच भोरड्या.

भांगपाडी मैना तिच्यापेक्षा थोडी लहान. पाठ राखाडी, पोट आणि गळा केशरट-बदामी, डोक्यावर काळी टोपी आणि मागे झुकलेले लांब काळे केस. तेल लावून, चापून-चोपून भांग पाडल्यासारखे! नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे. ही जोडीनं किंवा चार-पाचच्या टोळक्यानं फिरते. चरणाऱ्या जनावरांच्या पायात किडे टिपते, फुलांतला मधही पिते, आणि झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात घरटं करते.

बऱ्याच काळापर्यंत शास्त्रज्ञांनी दोघींना एकाच घरात बसवलं होतं. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्या दहा खंडांच्या ग्रंथात दोघींचं आडनाव एकच आहे, ‘स्टर्नस’. पुढे डीएनएचा अभ्यास झाला, वाटण्या झाल्या, आणि आता भोरडी ‘पास्टर रोझियस’ तर भांगपाडी ‘स्टर्निया पगोडारम’. ही नावं ऐकायला जड आहेत, पण त्यांचे अर्थ मजेशीर आहेत. ‘पास्टर’ म्हणजे मेंढपाळ, कारण हे पाखरू गुराढोरांच्या, मेंढरांच्या मागे मागे चालतं. ‘पगोडारम’ म्हणजे देवळांची. एक धनगराच्या वाड्यावरची, दुसरी देवळातली. शिरूर-दौंडच्या माळावर याहून चपखल नावं कुणी दिली असती का?

पण खरा फरक दिसण्यात नाही, पत्त्यात आहे. भांगपाडीचा पत्ता कायमचा: भारत आणि आजूबाजूचे देश. ती इथेच जन्मते, इथेच पिल्लं वाढवते, इथेच मरते. भोरडीचे पत्ते दोन. ती कझाकस्तान, उझबेकिस्तान, चीनचा शिनजियांग, पश्चिमेकडे अगदी युक्रेन-रोमानियापर्यंतच्या गवताळ प्रदेशात अंडी घालते. तिकडचा मुक्काम फार थोडा असतो. जुलै-ऑगस्टपासूनच तिचे थवे भारतात शिरायला लागतात आणि एप्रिल संपेपर्यंत बहुतेक परत गेलेले असतात. हिशेब केला तर वर्षातला जास्त काळ ती आपल्याकडेच काढते. म्हणजे पाहुणी कुणाची म्हणायची?

आकडेवारी गोळा करणारा कर्नल

आता इतिहासात जाऊ. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि मुंबई सरकारला नव्या मुलखाची माहिती हवी होती: किती गावं, किती विहिरी, कुठली पिकं, काय भाव. त्यासाठी १८२४ मध्ये एक अधिकारी नेमला गेला, विल्यम हेन्री साइक्स. त्याचं पदच होतं ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’. आजच्या भाषेत डेटा गोळा करणारा माणूस. पुढे लंडनमध्ये १८३४ साली संख्याशास्त्राची संस्था निघाली, तिच्या संस्थापकांमध्येही हा होता.

हा माणूस पुणे, नगर, खानदेश, धारवाड असा दख्खनभर फिरला, आणि फिरता फिरता पाखरांच्या नोंदी ठेवत गेला. १८३२ मध्ये त्यानं दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली. घाटातल्या जंगली मैनेला त्यानं त्यात नाव दिलं ‘पास्टर मराठेन्सिस’. म्हणजे मराठ्यांची मैना! आजही तिच्या पश्चिम भारतातल्या उपजातीच्या नावात ‘मराठेन्सिस’ टिकून आहे.

भोरडीबद्दल त्यानं जे लिहिलंय त्याचा सारांश सांगतो. डिसेंबरात ज्वारी-बाजरी तयार व्हायला लागली की यांच्या थव्यांनी आभाळ झाकोळतं. बंदुकीच्या एका बारात चाळीस-पन्नास पाखरं पडल्याची नोंद आहे. आणि शेतकऱ्यासाठी ही मोठी आपत्ती आहे, कारण या पाखरांचा विध्वंस टोळांइतकाच, आणि संख्याही टोळांपेक्षा फार कमी नाही.

ही टोळांची उपमा लक्षात ठेवा. पुढे तिचीच गंमत आहे.

१८७५: एक कणीस म्हणजे काय

आज आपल्याला वाटेल, खाल्ली थोडी ज्वारी पाखरांनी, त्यात काय एवढं? म्हणून त्या काळच्या भीमथडीत जाऊ. आजचा दौंड तेव्हा भीमथडी तालुक्यात होता. हा दुष्काळी पट्टा. पाऊस कमी, जमीन काळी, आणि भरवसा कशावर? रब्बीच्या ज्वारीवर, म्हणजे शाळूवर. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर वाढवायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची. दाणा माणसाला, कडबा जनावराला. एका पिकात अख्खं घर.

त्यात सरकारी सारा आणि सावकाराचं व्याज. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव पडले, पत आटली, सावकारांनी तगादा लावला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दागदागिन्यांपेक्षा त्यांना हव्या होत्या वह्या आणि कर्जरोखे. ते जाळले. हे लोण भीमथडीतून शिरूरकडे, इंदापूरकडे, नगर जिल्ह्यात पसरलं. इतिहासाच्या पुस्तकात हेच ‘दख्खनचे दंगे’. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारला शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. आणि मधल्या १८७६ ते १८७८ या काळात मोठा दुष्काळ पडून गेला होता.

दंग्यांचा पाखरांशी काही संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगतो. नाहीतर कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर तसंच फॉरवर्ड करेल. मुद्दा वेगळा आहे. ज्याची प्रत्येक पायली वहीत आधीच लिहिलेली आहे, त्याच्या शेतावर हजार भोरड्या उतरतात तेव्हा त्याला त्या गुलाबी दिसत नाहीत. म्हणून शेतात चार बांबूंचा माळा उभा राहायचा, त्यावर पहाटेपासून घरातलं कुणीतरी गोफण घेऊन बसायचं, पत्र्याचा डबा वाजवायचा, घसा फुटेस्तोवर ओरडायचं. पोरांची शाळा त्या महिन्यात माळ्यावरच.

आता योगायोग बघा. त्याच वर्षी, जून १८७५ मध्ये, इटलीत व्हेरोनाजवळच्या व्हिलाफ्रांका गावच्या जुन्या किल्ल्यात हजारो भोरड्या अचानक येऊन उतरल्या. किल्ल्याच्या भिंतींतल्या भोकांत आणि दगडांच्या राशींत घरटी केली, पिल्लं वाढवली आणि निघून गेल्या. तिथल्या अभ्यासकांनी ही घटना कौतुकानं लिहून ठेवली. आपल्याकडे ज्या पाखराला गोफण, त्याचं तिकडे एवढं कौतुक कशासाठी?

दुसऱ्या शेतातली वही

उत्तर टोळांत आहे. भोरडीची वीण टोळ आणि नाकतोडे यांच्यावर चालते. जिथे टोळ उदंड, तिथे त्या वर्षी तिची वसाहत. म्हणूनच ती दर वर्षी त्याच जागी वीण करेल असं नसतं. टोळांच्या मागे फिरते. पिल्लांच्या चोचीत टोळच भरते.

आणि माणसाला हे फार पूर्वीपासून माहीत होतं. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की टोळधाड आली की डोंगराळ भागातले लोक देवाची प्रार्थना करत आणि ‘सेल्युसिडीज’ नावाची पाखरं येऊन पिकं वाचवत. ही पाखरं म्हणजे भोरड्याच असाव्यात असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. पुढे पश्चिम आशियात एक समजूत होती की ठराविक झऱ्याचं पवित्र पाणी विधीपूर्वक आणलं की त्याच्या मागे ही पाखरं येतात आणि टोळ फस्त करतात. लोक असं पाणी लांबून, जमिनीला न टेकवता आणायचे.

ही झाली जुनी श्रद्धा. पण आजचं उदाहरण घ्या. शिनजियांगमध्ये १९८० च्या दशकापासून कुरणं वाचवण्यासाठी भोरड्यांना मुद्दाम बोलावतात. दगडांच्या राशी रचून, विटांची भोकाभोकांची घरटी बांधून देतात, म्हणजे टोळांवर औषध फवारायची गरज कमी पडते. २०१८ मध्ये तिथल्या निल्का परगण्यात रस्त्याचं काम चालू असताना दगडांच्या ढिगात भोरड्यांची घरटी सापडली, तर पिल्लं उडेपर्यंत काम थांबवलं गेलं.

आता साइक्सची उपमा आठवा. जे पाखरू तिकडे टोळांपासून वाचवतं, त्यालाच इकडे टोळ म्हटलं गेलं. दोघंही खोटं बोलत नव्हते. दोघांनी आपापल्या शेतापुरती वही लिहिली. तिकडच्या वहीत सगळं जमा, इकडच्या वहीत सगळं नावे. या दोन वह्या शेजारी ठेवून ताळेबंद मात्र कुणी मांडला नाही. आणि आपल्या वहीतही जमेची बाजू आहेच: ज्वारी येण्याच्या आधी आणि नंतर भोरडी इथेही किडे, अळ्या, नाकतोडे खाते, पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर डोकी पिवळी करून घेत परागीकरण करते. ते फुकटात होतं, म्हणून कुणी लिहून ठेवत नाही.

भांगपाडीच्या बाबतीत ही भानगडच नाही. ती थवे करून पिकावर उतरत नाही, त्यामुळे तिच्यावर गोफण उगारली गेली नाही. पण तिच्यासाठी कुणी घरटीही बांधली नाहीत. तिच्या नावानं ना तक्रार, ना प्रार्थना. इतिहासात नाव येण्यासाठी एकतर उपद्रव द्यावा लागतो नाहीतर उपयोग दाखवावा लागतो, हे पाखरांनाही लागू आहे.

‘चिंता नाही’ म्हणजे काय?

आयुसीएनची लाल यादी १९६४ पासून आहे. एखाद्या जातीला ‘असुरक्षित’ म्हणायचं तर ढोबळमानानं अशा अटी असतात: दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत संख्या ३० टक्क्यांहून जास्त घटली पाहिजे, किंवा तिचा एकूण वावर २०,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असून तोही घटत, तुटत चालला पाहिजे. आपला अख्खा पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटरचा. म्हणजे उद्या जिल्ह्यातून दोन्ही पाखरं साफ नाहीशी झाली, तरी जगाच्या यादीतला शेरा तोच राहील. यात यादीची चूक नाही. ती जगासाठीच बनवलीय. सगळ्या सर्व्हरची सरासरी बघून ‘सिस्टीम चालू आहे’ म्हणता येतं. पण तुमच्या गावचा सर्व्हर बंद आहे का, हे त्यातून कळत नाही.

कायद्याचं बघाल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा या दोघींनाही लागू आहे. त्यांना पकडणं, मारणं, विकणं गुन्हा आहे. पीक राखायला ओरडा, डबा वाजवा, चमकणाऱ्या पट्ट्या बांधा, पण साइक्सच्या काळासारखा बार काढता येणार नाही. कायदा पाखराला वाचवतो. पाखराचं शेत आणि पाखराचं झाड मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहतं.

शेत आणि ढोली

आधी शेत. १८७० च्या दशकात खडकवासला धरण झालं, मुठेचे कालवे निघाले, आणि पाणी दौंडच्या दिशेनं आलं. पुढे शिरूरला घोड धरण, चासकमानचं पाणी. दौंडला पाटसचा भीमा साखर कारखाना, शिरूरला न्हावऱ्याचा घोडगंगा. जिथे शाळू डोलायचा तिथे ऊस आला. यात रडण्यासारखं काही नाही. १८७५ चा शेतकरी हे पाणी बघून हरखला असता. भोरडीनंही जुळवून घेतलं. रात्रीच्या मुक्कामाला ती आता उसात, बाभळीत, पाण्याकडच्या पाणकणसात उतरते. तिकडे कझाकस्तानातही बदल झालाच. १९५४ पासून सोव्हिएत सरकारनं गवताळ माळ नांगरून गहू पेरला, आणि टोळांवर औषधं फवारली जातात. म्हणजे तिच्या दोन्ही पत्त्यांवर घराची मोडतोड झालीय.

माझं आजोळ दौंड तालुक्यात. मामांनी अजून अर्ध्या एकरात ज्वारी ठेवलीय, घरच्या भाकरीपुरती. मी विचारलं, “मामा, भोरड्या कमी झाल्या का हो आता?” ते म्हणाले, “कमी-जास्त मला काय ठावं? पर आधी समद्यांची ज्वारी असायची, पाखरं वाटून खायची. आता शिवारात माझी एकट्याचीच, तर समदी माझ्याकडंच जेवायला येत्यात.”

मंडळी, हे वाक्य मला सगळ्या अहवालांपेक्षा मोठं वाटतं. थव्याची भूक तीच, पण ती शंभर शेतांत वाटली गेली तर प्रत्येकाचं मूठभर जातं. एकाच शेतावर पडली तर शेत जातं. मग तो एकटाही वैतागून ज्वारी सोडतो. मग शेजारच्या गावचा उरलेला एकटा. पाखरं वाढली नाहीत तरी उपद्रव वाढतो, असं हे गणित आहे. २०२३ हे भारताच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, ज्वारीची भाकरी हॉटेलात महाग झाली. पण ज्वारी परत आणायची तर ती सलग पट्ट्यानं, गावानं मिळून पेरली तरच भोरडी आणि शेतकरी दोघांना परवडेल. गुंठा-गुंठा करून नाही.

आता ढोली. भांगपाडीला चोचीनं झाड पोखरता येत नाही. सुतारपक्ष्यानं, तांबटानं कोरून सोडलेली, नाहीतर म्हाताऱ्या झाडाला आपोआप पडलेली ढोली तिला लागते, आणि तीवरही साळुंकी आणि पोपट डोळा ठेवून असतात. अशी ढोली जुन्या वडाला, चिंचेला, कडुलिंबाला असते. रस्ता रुंद होतो, प्लॉटिंग पडतं, झाड जातं, त्या बदल्यात दहा रोपं लावल्याचा फोटो येतो. कागदावर नफा. पण त्या रोपात भांगपाडीला घर मिळायला कितीतरी वर्षं जातील, आणि तिला तर येत्या उन्हाळ्यातच अंडी घालायचीत.

शिरूर तालुक्यातलं मोराची चिंचोली तुम्हाला माहीत असेल. गावच्या नावातच मोर आणि चिंच दोन्ही आहेत. मोरही पिकात शिरतो, नासधूस करतो, तरी गावानं त्याला सांभाळलं. त्यातून आता पर्यटनही आलं. आणि ज्या सुप्यात १८७५ मध्ये वह्या जळाल्या, तिथेच १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झालं, अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं, चिंकारा हरणासाठी. त्या माळावर भांगपाडीलाही आपोआप जागा मिळते. म्हणजे आपल्या लोकांना सांभाळता येत नाही असं अजिबात नाही. ज्याचं नाव घेतलं जातं ते सांभाळलं जातं, एवढंच.

मग आपण काय करायचं?

भोरडीचं भवितव्य आपल्या एकट्याच्या हातात नाही. तिकडचं गवत, तिकडचे टोळ, वाटेतला हजारो किलोमीटरचा प्रवास, हे सगळं आपल्या आवाक्याबाहेर. आपल्या हातात तिच्या वहीचं अर्धं पान आहे. भांगपाडीचं मात्र जवळजवळ अख्खं पुस्तक आपल्याकडेच आहे. तिला सांभाळायला दुसरा देश येणार नाही. म्हणून यादीत शेरा सारखा असला, तरी दोघींसाठी करायचं काम वेगळं आहे: एकीसाठी शेताचा पट्टा, दुसरीसाठी म्हातारं झाड.

तुमच्या हातात फोन आहेच. ई-बर्डचं अ‍ॅप फुकट आहे. गावी गेलात की भोरडीचा पहिला थवा कधी दिसला, शेवटचा कधी, अंदाजे किती, एवढं टाका. भांगपाडी कुठल्या झाडात शिरताना दिसली तेही टाका. घरट्याजवळ मात्र फोटोसाठी जाऊ नका. साइक्सनं दोनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून हिंडून जे केलं ते आपण बांधावर उभं राहून दोन मिनिटांत करू शकतो. आणि घरात गोफण चालवलेलं कुणी असेल, तर त्यांना बोलतं करा, रेकॉर्ड करा. गोफण कशाची विणायची, खडा कुठला घ्यायचा, पाखराला न लागता थवा कसा उठवायचा, हे माहीत असलेली बहुधा ही शेवटची पिढी आहे. ते रेकॉर्डिंग आम्हाला पाठवलंत तर एक अख्खा भाग त्याच्यावर करू.

तोवर भेटूया पुढच्या भागात. हेडफोन काढा, जरा बाहेर बघा, तारेवर कोण बसलंय ते.